दुधाच्या हिशेबातली कविता

नवशिक्या कवीची वही उघडली की पहिल्या काही पानांतच ठरावीक शब्द भेटतात. मन, आठवण, वेदना, अश्रू, एकांत, क्षितिज. पाऊस तर असतोच. पण तो कोणत्या गावात पडला, पत्र्यावर की कौलांवर, गच्चीत वाळत घातलेले पापड भिजले की वाचले, हे वहीत सापडत नाही. लिहिणाऱ्याचं दुःख खोटं असतं असं मुळीच नाही. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी आलेल्या कविता निवडायचं काम मी काही वर्षं केलं. लिहिणारी मुलं समोरच वावरायची, कोणाच्या घरी काय चाललंय ते साधारण कानावर असायचं. वडिलांची नोकरी सुटलेली एक मुलगी 'जीवनाच्या वाटेवरचे काटे' या विषयावर कडव्यांमागून कडवी लिहायची. पण ती कॉलेजातून घरी पोचायची तेव्हा वडील आधीच घरात असायचे, आणि ती आली की घाईघाईने काहीतरी कामात असल्यासारखं दाखवायचे, हे तिने बोलता बोलता सांगितलं, कवितेत कधीच नाही. "हे का नाही लिहीत?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "सर, यात काय कविता?"

रोजच्या जगण्यातून कविता कशी लिहावी, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत या एका वाक्यात आहे. आपल्याला वाटतं, कविता भावनेची असते, म्हणजे कवितेत भावना लिहायची. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांचं म्हणणं नेमकं उलट आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने 'काव्यप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या उल्लासात काव्यातल्या दोषांची मोठी यादी आहे. रसाचे दोष सांगताना मम्मट आरंभीच ज्याचं नाव घेतो तो दोष म्हणजे स्वशब्दवाच्यता. जी भावना वाचकाला यावी असं वाटतं, तिचं नाव घेऊन मोकळं होणं, हा दोष. 'मी दुःखी आहे' हे वाचून वाचकाला माहिती मिळते, दुःख होत नाही.

मग दुःख व्हावं कसं? त्याचं उत्तर मम्मटाच्याही कितीतरी शतकं आधी भरताच्या नाट्यशास्त्राने देऊन ठेवलं आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. शब्द जड आहेत, पण गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. घरात बाईमाणूस रागावलं आहे हे कसं कळतं? ती सांगत नाही. भांडी मांडणीत नेहमीपेक्षा जोरात लागतात, ताट पुढ्यात सरकवलं जातं, 'आणखी भात?' हा प्रश्न येत नाही. हे झाले अनुभाव, म्हणजे आतल्या भावनेची बाहेर दिसणारी, ऐकू येणारी खूण. दुपारी पाहुण्यांसमोर कोणीतरी तिच्या माहेरावरून टोमणा मारला होता, हा विभाव, म्हणजे कारण. कवीने द्यायच्या त्या या दोन गोष्टी. राग वाचक स्वतःच आणतो, आणि स्वतः आणलेला राग त्याला खरा वाटतो.

व्यभिचारी भावांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण रोजच्या कवितेचा खरा मुलूख तो आहे. भरताने स्थायी भाव आठ मोजले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. व्यभिचारी भाव मात्र तेहेतीस! येऊन-जाऊन असणाऱ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या या मनःस्थितींत असूया आहे, व्रीडा म्हणजे लाज आहे, दैन्य आहे, श्रम आहे, आलस्य आहे, चक्क झोपही आहे. आपला दिवस आठ मोठ्या भावनांत जात नाही. तो या तेहेतिसांत जातो. मित्राने नवा फ्लॅट दाखवायला नेलं तेव्हा 'मस्त आहे रे' म्हणताना मनात काय होतं? आठवडाभर राहिलेला पाहुणा रिक्षात बसल्यावर जे हायसं वाटलं आणि लगेच त्याचीच लाज वाटली, त्याला काय म्हणणार? वाण्याकडे 'महिनाअखेरीला देतो' म्हणताना आवाज किती खाली गेला? शोक आणि रती यांच्यावर लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे. या बारीकसारीक भावांपाशी गर्दी कमी असते, आणि वस्तू हाताशी असतात.

आता कोणी म्हणेल, हे झालं संस्कृत पंडितांचं. पण हे पंडित उदाहरणं कुठून घेत होते ते पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्री प्राकृतात, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे, गाथासप्तशती. त्याचा मूळ गाभा साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात, पुढेही त्यात भर पडत गेली. दोन ओळींची एक गाथा. त्यांत गोदावरीचा काठ आहे, शेतं आहेत, शेतकऱ्याच्या सुना आहेत, प्रवासाला गेलेले नवरे आहेत, आत्याबाई आणि मामी आहेत. राजवाडे फारसे नाहीत. एका गाथेत स्वयंपाक करता करता काजळी लागलेला हात तोंडाला पुसला गेलेली गृहिणी आहे, आणि तिच्याकडे बघून हसणारा नवरा आहे: आता हा चेहरा अगदी चंद्रासारखा झाला. डागासकट! चंद्रमुखीची उपमा त्या काळीही झिजलेलीच असणार. तिला चुलीच्या काजळीने पुन्हा जिवंत केलं. आनंदवर्धनाने आणि मम्मटाने ध्वनीचा, म्हणजे न सांगता सुचवण्याचा, विचार मांडताना याच प्राकृत गाथांमधून उदाहरणं उचलली. ज्या शास्त्राला आपण घाबरतो ते अशा घराअंगणातल्या कवितांवर उभं आहे.

आता प्रत्यक्ष काम करून पाहू. समजा, सांगलीत राहणाऱ्या एका बापाची मुलगी बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. बापाने कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आता लिहाव्याशा वाटतात. पहिल्या बैठकीत त्याच्या हातून हे उतरतं:

लेक गेली शिकायला,
घर झाले ओकेबोके,
आठवणींच्या डोहात
मन माझे घेई झोके.

ओळीत मोजून आठ अक्षरं, यमक चोख. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर फुलांचे गुच्छ येतील. पण जरा थांबून बघा: डोहात झोके कसे घेतात? डोहात माणूस पोहतो किंवा बुडतो. 'ओकेबोके' आधी सुचलं, त्याला जुळणारा 'झोके' हाताला लागला, आणि मग मनाला बिचाऱ्याला पाण्यात पाळणा बांधावा लागला. यमक वाईट नाही. कवी त्याच्या मागून फरफटत जातो ते वाईट. दुसरी अडचण याहून मोठी आहे. या चार ओळी महाराष्ट्रातला कुठलाही बाप कुठल्याही मुलीबद्दल लिहू शकतो. यात ती मुलगी नाही.

म्हणून बापाला एक प्रश्न विचारायचा: घर ओकंबोकं झालं म्हणजे नेमकं काय झालं? कविता लिहायची नाही, फक्त टिपायचं. मोबाइलच्या नोट्समध्ये, किराणा यादीच्या पाठीवर, कुठेही. आणि टिपताना भावनेचा एकही शब्द नको. वस्तू आणि क्रियापद एवढंच. मग हळूहळू गोळा होतं: कुकरला दोन वाट्या तांदूळ लागायचे, आता दीड पुरतो. हॉलमधल्या चार्जरवरून भांडण होत नाही. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गुंता अडकत नाही. स्कूटीच्या सीटवर धूळ बसली. टीव्हीचा रिमोट जिथे ठेवावा तिथेच सापडतो. कॅलेंडरवरचा दुधाचा आकडा बदलला.

या यादीत आधीच्या चार ओळींपेक्षा जास्त कविता आहे असं माझं मत आहे, आणि ते बापालाही पटेल. पण यादी म्हणजे कविता नव्हे, निवडावं लागतं. रिमोट छान आहे, त्यात हसू आणि हुरहुर एकत्र आहे, पण एका वाक्यात तो संपतो. केसांचा गुंता जोरदार आहे, पण तो पेलायला अनुभवी हात हवा, नाहीतर वाचक तोंड वाकडं करतो. मी दूध घेईन. कारण दुधाबरोबर कॅलेंडर येतं, आणि दूधवाला येतो. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं 'कालनिर्णय' किंवा तसंच एखादं, ज्याच्या चौकोनांत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुधाचे लिटर, सिलिंडरची तारीख आणि कामवाल्या बाईंचे खाडे लिहिले जातात. घराची एवढी प्रामाणिक रोजनिशी दुसरी नसेल; कोणी वाचेल म्हणून ती लिहिलेलीच नसते. आणि दूधवाला म्हणजे असा माणूस, ज्याला काय झालंय ते माहीत नाही. कवितेत असा एक माणूस आला की काम सोपं होतं: तो साधा प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याची अडचण होते.

बापाचा पुढचा खर्डा असा:

हॉस्टेल

ऑगस्टच्या अकरा तारखेपर्यंत
रोजच्या चौकोनात दीड,
बारापासून एक.

महिनाअखेरी दूधवाला
आकडे जुळवतो, थांबतो:
"काका, दूध कमी केलंत?
काही तक्रार?"

नाही म्हणतो मी.
नोटा मोजून देतो.
तो सुट्टे परत देतो,
तेही मोजून घेतो.

यात मुलगी नाही, घर नाही, मन नाही, आठवण तर नाहीच. विभाव शीर्षकात आहे, अनुभाव शेवटच्या ओळीत. दूधवाल्याने दिलेले सुट्टे पैसे एरवी कोण मोजतं? माणूस हात गुंतवून ठेवण्यासाठी मोजतो. आणि त्याचं ते 'नाही'. भरताच्या तेहेतिसांत अवहित्था नावाचा एक भाव आहे: आतलं लपवणं, चेहऱ्यावर दिसू न देणं. मराठी बाप त्यात पारंगत असतात, आणि त्यांच्यावरची कविता आक्रोशापेक्षा अवहित्थेतूनच जास्त नीट लिहिली जाते.

या खर्ड्याला आधी आणखी एक कडवं होतं असं धरू: त्याला कसं सांगू, की लेकीवाचून चहासुद्धा गोड लागत नाही, अशा अर्थाचं. बहुतेकांच्या हातून ते येतंच. कविता संपलेली असते, पण कवीला भीती वाटते की वाचकाला कळलं नाही तर? मग तो उलगडून सांगतो, आणि मम्मटाचा दोष मागच्या दाराने आत शिरतो. शेवटची दोन-चार ओळींची ही पुरवणी हातावेगळी करणं हे नव्या कवीच्या संपादनातलं अर्धं काम आहे. खोडताना जीव तुटतो, कारण बहुधा तीच ओळ त्याला सगळ्यांत आवडलेली असते.

मात्र न सांगणं आणि लपवणं यांत गल्लत होऊ नये. भावनेचं नाव टाळायचं, घटना नव्हे. वरच्या कवितेचं शीर्षक 'दूध' किंवा 'हिशेब' असतं तर ती कोडं झाली असती: घरात कोणी वारलं? डॉक्टरांनी पथ्य सांगितलं? पगार कमी झाला? वाचक अंदाज करत बसला असता, आणि अंदाज करणारा माणूस हळहळत नाही. 'हॉस्टेल' या एका शब्दाने घटना सांगून टाकली आणि बाकी जागा मोकळी ठेवली. आजच्या पुष्कळ मुक्तछंद कवितांचा त्रास हाच आहे की भावना धो-धो सांगितलेली असते आणि काय घडलं ते मात्र गुलदस्त्यात.

आता प्रतिमेचं. अर्धा लिटर दूध आणि मुलगी यांत साम्य काय? दिसायला काहीच नाही. 'मुलगी दुधासारखी' असं म्हणायचं नाही. तशी उपमा इथे हास्यास्पद होईल. तरीही ते कमी झालेलं अर्धा लिटर मुलीची जागा घेतं. बा. सी. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) कवितेतल्या प्रतिमांचा विचार करताना भावनिष्ठ समतानता असा शब्द वापरला. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात म्हणून त्या कवितेत जोडल्या जात नाहीत. दोघींनी मनात उठवलेला भाव समान ताणाचा असतो म्हणून जोडल्या जातात. मर्ढेकरांनी ते स्वतः करून दाखवलं. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ मध्ये आला, आणि पिपातले मेलेले उंदीर, यंत्रं, शहरातली माणसं एकाच पंक्तीत बसलेली बघून मराठी वाचक हादरला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या ग्रंथाला १९५६ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, पण तोवर ते गेले होते.

समतानता हाती लागते ती बसून विचार केल्याने क्वचितच. ती यादीतून येते. म्हणून टिपण्याची सवय. आणि म्हणूनच काही वस्तूंपासून सावध राहायला हवं, ज्या न टिपताच येऊन बसतात: आरशावर चिकटलेली टिकली, वडिलांची रिकामी आरामखुर्ची, पुस्तकात सुकलेलं फूल, आईचा पदर, दारातली तुळस. यांच्यावर बंदी नाही. पण त्या टिकल्या इतक्या कवितांत इतक्या काळापासून चिकटून आहेत की त्यांचा गोंद संपला आहे. वडिलांचा चष्माच आणायचा असेल तर त्याची काडी कशाने बांधली होती ते सांगा. शिलाई मशीनवरच्या दोऱ्याने? कोणत्या रंगाच्या? दोरा आईने ब्लाउज शिवून उरलेला जांभळा असेल, तर चष्मा पुन्हा एका घरातला झाला.

बघण्याचा हा आग्रह एका जपानी कवीने टोकाला नेला. मासाओका शिकी (१८६७–१९०२) हा आधुनिक हायकूचा प्रवर्तक. त्याने 'शासेइ' हे तत्त्व धरलं: समोर आहे त्याचं रेखाटन करायचं, चित्रकार पेन्सिलीने करतो तसं. पण त्याची परिस्थिती पाहा. मणक्याच्या क्षयाने तो अखेरची काही वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. तोक्योच्या नेगिशी भागातल्या छोट्या घरात पडल्या पडल्या जेवढी बाग दिसे तेवढंच त्याचं जग. त्या बागेत मांडवावर चढवलेली घोसाळ्याची वेल होती. हो, आपण भजी करतो तेच घोसाळं. त्या वेलीचा रस कफावर औषध म्हणून तिकडे घेत. मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८ सप्टेंबर १९०२ ला, त्याने लिहिलेल्या अखेरच्या तिन्ही हायकूंत घोसाळं आहे. मरणाबद्दल लिहायचा याहून मोठा अधिकार कोणाला असेल? पण त्याने भाजीच्या वेलीकडे पाहिलं. जपानमध्ये त्याचा स्मृतिदिन घोसाळ्याच्या नावानेच ओळखला जातो. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. पाच-सात-पाच अक्षरांचा साचा त्यानंतर घराघरांत पोचला, जरा जास्तच पोचला. सतरा अक्षरं मोजून 'मन' आणि 'क्षण' लिहिणं म्हणजे हायकू नव्हे, हे शिकीच्या घोसाळ्याकडे पाहून लक्षात यावं.

आतापर्यंत मी अशी बाजू मांडली की जणू भावनेचा उच्चार म्हणजे पापच. तसं असतं तर जात्यावरच्या ओव्यांचं काय करायचं? पहाटे दळताना बायका मायेला माया म्हणतात, दुःखाला दुःख म्हणतात, भावाला नावाने हाक मारतात. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत सासुरवास आहे, भावाची वाट आहे, पंढरपूर आहे, सीता आहे, आंबेडकरही आहेत. सगळं उघड बोललेलं. तरी ते पोचतं. कारण तिथे शब्दांखाली जातं फिरत असतं. हाताला श्रम आहेत, दगडाची घरघर आहे, समोर बसून दळू लागणारी दुसरी बाई आहे, ती ऐकतेय. अनुभाव शब्दांत नसला तरी खोलीत हजर आहे. कागदावर एकट्याने लिहिणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला जातंही शब्दांतूनच उभं करावं लागतं.

हे तपासायला आपल्या बापाची कविता ओवीच्या वळणाने लिहून बघू. लोकगीतात आणि अभंगात आठ अक्षरांचा चरण फार चालतो. मोठ्या अभंगाचा बांधा वेगळा, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. आपण आठाचा घेऊ:

काल दूध होतं दीड,
आज चौकोनात एक.
दूधवाला विचारतो,
कुठं हो दिसेना लेक?

गंमत बघा. 'एक'ला यमक शोधताना 'लेक' आली, आणि मुक्तछंदात जी मुलगी शीर्षकाआड होती ती इथे शेवटच्या शब्दात उघडी पडली. दूधवाल्याचा प्रश्नही बदलला: तिथे तो तक्रार विचारत होता, इथे थेट मुलगी विचारतो. तो आता अजाण राहिला नाही, चाळीतला जाणता शेजारी झाला. ही कविता वाचण्यापेक्षा म्हणायला बरी आहे. चाल लावली तर आणखी बरी. 'ओकेबोके'च्या तुलनेत इथे यमकाने कवीला खड्ड्यात नेलं नाही, कारण चौकोन, आकडा, दूधवाला हे सगळं आधीच ठरलेलं होतं. वस्तू पक्क्या असल्या की यमक मदतीला येतं. कोणता अवतार चांगला, यावर मी माझं मत सांगतो: मला पहिला आवडतो, 'काही तक्रार?' या दोन शब्दांसाठी. बापाच्या बायकोला बहुधा दुसरा आवडेल.

छंद घ्यावा की मुक्त लिहावं, हा वाद नव्या माणसाने अंगावर घेऊच नये. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) तो ठाऊकही नसेल. जळगावजवळच्या असोद्याची ही लेक निरक्षर होती. शेतात, चुलीपाशी, जात्यावर काम करताना गाणी तोंडात यायची. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ती उतरवून घेत. त्या गेल्यावर ती गाणी आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यांनी लेवा गणबोलीतच गायलं. पुस्तकी मराठीत भाषांतर करून मग कविता करावी, असं त्यांना वाटण्याचं कारणच नव्हतं.

शिकलेल्या माणसाची मात्र इथेच पंचाईत होते. दिवसभर तो 'सिग्नलला थांबलो', 'लाइट गेली', 'पोरगं ऐकेना' असं बोलतो, आणि कविता लिहायला बसला की 'तिमिर', 'नयन', 'अंतरी' सुरू होतात. वर 'पुसतो' हा शब्द टाळून 'विचारतो' घेतला तो यासाठीच. सांगलीतला दूधवाला दारात उभा राहून काही पुसत नाही. नारायण सुर्व्यांनी (१९२६–२०१०) गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा. कामगार वस्तीत माणसं जशी बोलतात तसं बोलणं त्यांनी कवितेत आणलं, आणि ते करताना बोलणाऱ्याचा मान ठेवला. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने मुंबईच्या कामाठीपुऱ्याची भाषा आणली; पुष्कळ वाचकांना तिच्यातले शब्दही ठाऊक नव्हते. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले ग्राफिक डिझायनर. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसून ते समोरचा रस्ता वर्षानुवर्षं बघत राहिले, आणि २००४ मध्ये त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह आला. फुटपाथवरची माणसं, कुत्री, कचरा. हॉटेलातली एकच जागा धरून बसायचं, हाही कवितेचा अभ्यासक्रम असू शकतो.

ऐकलेली वाक्यंही टिपून ठेवावीत, पाहिलेल्या वस्तूंइतकीच. एसटीत मागच्या बाकावरून कानावर पडलेलं 'सरका जरा, आम्हीबी तिकीट काढलंय', सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोणी म्हणालेलं 'आमचा नंबर कालपण हाच होता'. अशी वाक्यं आपल्याला बसून रचता येत नाहीत. त्यांना आयती लय असते, आणि बोलणारा कोण, कुठला, किती दमलेला, हे सगळं त्यात असतं.

खर्डा झाला की तो काही दिवस बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. डोळ्यांना न दिसलेली अडखळ जिभेला लगेच कळते. वाचताना विशेषणांवर पेन्सिल फिरवावी: 'उदास संध्याकाळ'मधलं 'उदास' काढून संध्याकाळ उरते का बघावं, नाही उरली तर ती तिथे नव्हतीच. ओळ कुठे तोडली यावरही पुष्कळ अवलंबून असतं. 'आकडे जुळवतो, थांबतो' इथे ओळ संपते, आणि दूधवाल्याबरोबर वाचकही क्षणभर थांबतो. तीच ओळ 'थांबतो, काका, दूध कमी केलंत?' अशी सलग लिहिली तर ते थांबणं नुसतं सांगितलं जातं, घडत नाही.

आणि मग एखाद्या माणसाला वाचून दाखवावी. शक्यतो कवीला नको. कवी शब्द बघतात. 'कशी वाटली?' विचारू नये, कारण 'छान' याशिवाय उत्तर मिळत नाही. काहीच विचारू नये, समोरचा आपणहून काय विचारतो ते ऐकावं. 'हॉस्टेल' ऐकून तो 'कोणत्या कॉलेजात मिळाली अ‍ॅडमिशन तिला?' म्हणाला, तर काम झालं. 'तिला' हा शब्द तुम्ही कुठेच लिहिला नव्हता. 'तुमच्याकडे गायीचं येतं की म्हशीचं?' म्हणाला, तर मधलं कडवं पुन्हा लिहायला घ्यावं.